पेशंटचा डबा, सात रस्ता, सोलापूर : आप्पांनी खाल्ला, मी मोजला

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. लई लांब लिहिलंय, आधीच सांगतो, ज्यांचा पेशंट आत्ता ऍडमिट आहे किंवा ज्यांनी ऑपरेशनची तारीख घेतलीय त्यांनी वाचा, बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा. डबेवाल्या मावशींचं नाव आणि नंबर टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलंय. "नेटवर टाकू नका बाबा, वीसाच्या वर डबे मला झेपत न्हाईत, फोन उचलू का फोडणी घालू?" सात रस्त्याच्या बाजूच्या हॉस्पिटलांत वॉर्डातल्या आयांना नुसतं "पेशंटचा डबा देणाऱ्या मावशी" म्हणून विचारा, पत्ता मिळतो, मला तसाच मिळाला.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो त्यामुळे मोजायची खोड आहे, घरचे वैतागतात, पण या वेळेला ती खोड कामाला आली.

तर आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. वय ६८, माळकरी, अंडं सुद्धा चालत नाही. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं मेडिकलमधून पेनकिलर आणून खायचे, कुणाला विचारणं नाही काही नाही, त्यातून अल्सर झाला, तो भरतोय-चिघळतोय करत करत जठराचं खालचं तोंडच आवळून गेलं. दिवाळीनंतर जेवण वर यायला लागलं. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी उलटीत तसाच्या तसा. आम्ही आपलं ऍसिडिटी ऍसिडिटी म्हणून जेलुसिल पाजतोय. फेब्रुवारीच्या शेवटी वजन केलं तर ६२ चे ५१ झालेले. चार महिन्यांत ११ किलो गेले आणि घरात कुणाला कळलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला दिसत नाही, पायजम्याची नाडी मात्र आई दर आठवड्याला जास्त ओढून बांधत होती.

पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलात नेलं त्याचं नाव घेत नाही. सहा दिवस होतो. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी डाळीचं पाणी, चारला नारळपाणी, रात्री साबुदाण्याची पातळ खीर, त्यातलं निम्मं बेसिनमध्ये. आणि आम्ही निर्धास्त, का तर सलाईन चालू आहे ना. आपल्याकडं सलाईन लावलं म्हणजे पोट भरलं असंच सगळे समजतात, मी पण समजायचो. नंतर कळलं की पाच टक्केवाली ग्लुकोजची ५०० एमएलची बाटली म्हणजे त्यात २५ ग्रॅम साखर, शंभर कॅलरीच्या आतच बसते, म्हणजे एखादी पोळी खाल्ल्यासारखं. साधं नॉर्मल सलाईन असेल तर ते मिठाचं पाणी, त्यात कॅलरी शून्य. दिवसाला तीन बाटल्या म्हणजे तीन पोळ्या, त्याही नुसत्या साखरेच्या, प्रोटीन एक ग्रॅम नाही. डाळीच्या पाण्याचं पण तेच, प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत राहतं आणि पेशंटला वरचं पिवळं पाणी. साबुदाण्यात तर प्रोटीन नावालाच. मी नंतर बसून हिशोब केला, दिवसाचं १५ ग्रॅम प्रोटीन सुद्धा भरत नव्हतं.

पण मला खरा राग कशाचा आला सांगू का, सहा दिवसांत एकदाही वजन केलं नाही. केसपेपरवर वजनाच्या रकान्यात ६० लिहिलेलं, मी विचारलं हे कुठून आलं तर म्हणे नातेवाईकांनी सांगितलं. नातेवाईक म्हणजे काका. काकांनी अंदाजपंचे ठोकून दिलं आणि यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो तिथं सर्जनच्या आधी डाएटिशियन मॅडम आल्या. वजनकाटा घेऊनच आल्या. दंडाला टेप लावला, किती दिवसांपासून जेवण कमी, आधी कपडे कुठल्या मापाचे, सगळं विचारलं, मग आप्पांच्या हातात स्टीलची एक मूठ दिली आणि दाबा म्हणाल्या, त्यावर काटा असतो. आप्पांनी दात-ओठ खाऊन दाबली तर १७ किलो. ज्या माणसाने आयुष्यभर मागावर काम केलं त्याची पकड १७ किलो, आप्पा स्वतःच काट्याकडं बघत बसले. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन आपोआप उतरलं तर ती धोक्याची खूण, यांचं जवळजवळ अठरा टक्के उतरलंय.

आणि सर्जनसाहेबांनी ऑपरेशन दहा दिवस पुढं ढकललं. घरात भांडणं. काका म्हणाले पैसे काढायचे धंदे आहेत, बेडभाडं चालू ठेवायचंय. मी पण आतून हललो होतो, खोटं कशाला बोलू. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही काही आजची फॅशन नाही, १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला स्टडली नावाच्या सर्जनने अशाच अल्सरच्या पेशंटचा हिशोब मांडला होता, ऑपरेशनच्या आधी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त उतरलं होतं त्यांच्यात तिघांमागे एक दगावला, आणि ज्यांचं तेवढं उतरलं नव्हतं त्यांच्यात शंभरात तीन-चार. तुमचे वडील त्या वीसच्या रेघेच्या अलीकडं उभे आहेत, मला त्यांना थोडं मागं ओढू द्या. मला ते लगेच पटलं. सूत कच्चं असेल तर विणणारा कितीही हुशार असू दे, टॉवेल पहिल्या धुण्यात जातो. टाके भरून यायला पण माल लागतोच की.

मग एंडोस्कोपीने नाकातून एक बारीक नळी आवळलेल्या जागेच्या पुढं आतड्यात नेऊन ठेवली, तिच्यातून पातळ खाणं, म्हणजे फीड, द्यायला. हिशोब असा होता की किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि प्रोटीन दीड ग्रॅमपर्यंत, म्हणजे आप्पांना साधारण १५०० कॅलरी आणि ७५ ग्रॅम प्रोटीन. मला वाटलं पहिल्या दिवसापासून पंधराशे चढवतील, तर तासाला २० एमएलने सुरुवात. एवढं कमी का विचारलं तर मॅडमनी सांगितलं की बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं की साखर पेशींमध्ये शिरताना रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम सोबत ओढून नेते, त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ पण शकतो, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, रोज रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी फॉस्फरस उतरलेलं निघालं तर वाढवायचं थांबवलं, आधी ते भरून काढलं. आजी म्हणायची दुष्काळात उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, एकदम ताट वाढू नये, त्यातलं शास्त्र मला आत्ता कळलं.

ऑपरेशन चांगलं झालं, जठराचा खालचा भाग काढला, गाठ-बिठ काही नव्हती, रिपोर्ट साफ. ऑपरेशनमध्येच पोटाच्या बाहेरून आतड्यात एक नळी बसवून ठेवली होती, तिच्यातून दुसऱ्या दिवशी सकाळीच फीड चालू. काका परत सुरू झाले, "अजून गॅस सरला नाही आन हे खायला घालायलेत." आधी तसंच होतं म्हणे, गॅस सुटेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आता लवकर थोडं थोडं चालू करतात. इथं एक चूक माझी. सिस्टर जेवायला गेल्या होत्या आणि मी शहाणपणा करून आप्पांची बीपीची गोळी कुटून त्या नळीतून घातली. नळी चोंदली. सिस्टरनी वीस मिनिटं कोमट पाणी सिरिंजने पुढं-मागं करून मोकळी केली, आणि जे काय बोलल्या ते मी इथं लिहू शकत नाही. नळी असेल तर दर चार तासांनी ३० एमएल कोमट पाणी आणि गोळीचं सिस्टरला विचारल्याशिवाय काही नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता मावशी.

पावडरीचं फीड महाग पडत होतं. कुणीतरी सांगितलं की सात रस्त्याजवळ एक मावशी नळीच्या पेशंटना घरचं गाळलेलं फीड करून देतात, एकदम स्वस्त. मी त्याच संध्याकाळी गेलो. त्यांनी पैसे-बिसे काही बोलायच्या आधी विचारलं, "नळी नाकातनं पोटात हाय का पोटातनं आतड्यात?" मी सांगितलं आतड्यात. तर सरळ नाही म्हणाल्या. "त्या नळीला माझ्या मिक्सरचं काय बी घालायचं न्हाई. बारीक असती ती, चोंदती, आन पोट मधी नसल्यावर साधं इन्फेक्शन बी जड जातं. मॅडमनी सांगितलेली पावडरच घाला. तोंडानं खायला लागले की या माझ्याकडं." दिवसाचं चारेकशे रुपयांचं गिऱ्हाईक समोर उभं असताना हात हलवून परत पाठवलं. मी रिक्षात बसेपर्यंत ठरवलं होतं की आप्पा जेवायला लागले की डबा इथलाच.

मावशी पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलतात, मराठी आपल्या सोलापुरी. एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये चौदा वर्षं होत्या, मग स्वतःचं सुरू केलं. किचन म्हणजे घराची पुढची खोली. दोरी बांधलेली आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी डाएट चार्ट लावलेत, प्रत्येकावर बेड नंबर आणि लाल पेनने मोठ्या अक्षरात "मीठ नाही", "साखर नाही", "गाळून". चार्टशिवाय डबा देत नाहीत, म्हणजे नाहीतच. आमच्या शेजारच्या बेडवर किडनीचे पेशंट होते, त्यांच्या मुलाला आमचा डबा बघून तसाच हवा होता, मावशींनी आधी कागद आणा म्हणून परत पाठवला. किडनीवाल्याचं प्रोटीनचं गणित वेगळं, त्याला नारळपाणी पण विचारूनच, पोटॅशियम असतं त्यात, आणि आपण तर पेशंट बघायला जाताना आधी शहाळंच घेतो.

पाणी मी स्वतः बघितलं. आपल्या सोलापूरचं पाणी काही दिवसाआड, साठवण्याशिवाय इलाज नाही, तर त्यांच्याकडं पिंपाला नळ बसवलेला, आत भांडं बुडवायचं नाही, आणि पेशंटच्या स्वयंपाकाला उकळून गार केलेलंच. नाकातून पोटात नळी असलेल्यांसाठी जे फीड करतात ते मलमलच्या कापडातून दोनदा गाळतात, बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहितात, "चार तासांत संपवा, उरलं तर झाडाला घाला." एप्रिलमध्ये ४२ डिग्रीत चार तास पण मला जास्तच वाटतात पण ते असो. आणि नेणाऱ्या प्रत्येकाला दम देतात की पेशंटला आडवा ठेवून घालायचं नाही, उशाकडून वर करा आणि नंतर पण अर्धा-पाऊण तास बसवा, नाहीतर छातीत जाईल.

आप्पांचा डबा ऑपरेशननंतर आठवड्याने सुरू झाला, आधी दोन दिवस नुसतं पातळ, मग मऊ. डबा म्हणजे नेहमीचा चार पुडी नाही, सहा छोट्या स्टीलच्या डब्या, प्रत्येकीवर वेळ. जठर लहान झाल्यावर एका वेळेला वाटीभरच मावतं म्हणून सहा वेळा. सकाळी मुगाच्या धिरड्याचे मऊ तुकडे आणि चक्का. दहाला आमच्याकडची प्रोटीन पावडर दुधात (सुरुवातीला दूध सोसलं नाही, मग ताकावर आले). दुपारी आसट भात, त्यावर घट्ट मुगाचं वरण, वरणात पनीर कुस्करून. तीनला ज्वारीच्या पिठाची आंबील ताकातली, भाकरी अजून लांब होती पण मंगळवेढ्याची ज्वारी वासावरून ओळखणारा माणूस आहे, आंबिलीची डबी पहिल्यांदा उघडली तेव्हा आप्पा "हं" म्हणाले, ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला आवाज. संध्याकाळी दुधी घालून मऊ थालीपीठ किंवा इडली, रात्री परत मऊ भात नाहीतर खिचडी. पाणी जेवताना नाही, अर्धा तास थांबून.

मी पहिले चार दिवस किचनचा छोटा काटा नेऊन सगळं मोजलं. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पाव लिटर दुधात आठ, असं करत करत डब्याचं ५० च्या पुढं जात होतं आणि पावडरीने वरचं भरत होतं. पावडर घेताना डब्याच्या मागचं वाचा, पुढचा फोटो बघू नका. एका मेडिकलवाल्याने मला जी पावडर गळ्यात मारली तिच्यात प्रोटीनपेक्षा साखर जास्त होती आणि डबा फोडलेला म्हणून परत घेतला नाही.

पण हे सगळं कुणीही शिकून करू शकतं. मी साडेचार स्टार देतोय ते परत गेलेल्या डब्यासाठी.

रात्री पोरगा रिकाम्या डब्या न्यायला येतो तेव्हा त्या धुवायच्या नाहीत. मावशींची सक्त ताकीद. आईला कसंतरीच वाटायचं, उष्टी भांडी दुसऱ्याच्या घरी पाठवायची म्हणजे काय, तिने पहिल्या दिवशी चकाचक घासून पाठवली तर मावशींचा फोन, "आक्का, धुवून पाठवू नका, मला काय कळणार आप्पांनी काय खाल्लं?" त्या प्रत्येक डबी उघडून बघतात आणि वहीत लिहितात. शंभर पानी वही, बेड नंबरप्रमाणे. मी बघितलीय. "भात संपला. पनीर बाजूला काढलं. आंबील चाटून." दुसऱ्या दिवशी पनीर इतकं बारीक केलेलं की आप्पांना वरणात कळलंच नाही. इडली दोन दिवस सलग परत गेली तर तिसऱ्या दिवशी बंद, तिच्या जागी मऊ उपमा. एका दिवशी चार डब्या निम्म्या परत गेल्या तर फोन करून म्हणाल्या डॉक्टरना सांगा, पोट फुगलंय का बघा. खरंच फुगलेलं होतं, संडास तीन दिवस झाली नव्हती, आणि आम्ही कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. पहिल्या हॉस्पिटलात ताटं यायची आणि ताटं जायची. त्यात काय गेलं आणि काय राहिलं हे बघणारं कुणी नव्हतं. कॅन्टीनच्या हिशोबाने आप्पा सहा दिवस व्यवस्थित जेवत होते.

एकादशीची गंमत सांगतो. डिस्चार्जनंतर पहिली एकादशी आली आणि आप्पांनी जाहीर केलं की उपवास. आई रडायला आली, मी ओरडलो, डाएटिशियन मॅडमना फोन लावला, त्या पण समजावून थकल्या. माळ घातलेल्या माणसाला तुम्ही काय समजावणार. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग करू द्या की उपास. साबुदाणा देत न्हाई मी, बाकी बघते." त्या दिवशीच्या सहा डब्या : राजगिऱ्याच्या पिठाची दुधातली खीर बिनसाखरेची, आसट भगर आणि दाण्याच्या कुटाची गाळलेली आमटी, पनीर उकडून कुस्करून जिरं-मीठ लावून, चक्का, दोनदा दूध-पावडर. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं, उपवासाला चालतात, आणि आपल्या सोलापुरात शेंगदाण्याला काय तोटा. मी हिशोब केला, एकादशीच्या दिवशी एरवीपेक्षा चार ग्रॅम जास्त भरले. आप्पांचा उपवास पण झाला आणि आमचा जीव पण भांड्यात पडला.

आणि उसाचा रस. एप्रिलची दुपार, मेहुणे बघायला आले, येताना थर्मासमधून रस घेऊन आले, बर्फ टाकून. प्रेमाने. आप्पांनी ग्लासभर घेतला. वीस मिनिटांत घाम फुटला, छातीत धडधड, पोटात कळ, आडवे झाले, आम्हाला वाटलं अटॅक. डॉक्टर म्हणाले हे डंपिंग, जठराचा भाग काढलेला असला की गोड पातळ पदार्थ धाडकन आतड्यात उतरतात आणि आतडं सगळीकडून पाणी ओढून घेतं. चार्टवर लिहिलेलं होतं, "रस, सरबत, गुलकंद दूध नाही." मावशींनी तर डबीच्या झाकणावर पण चिकटवलेलं. मेहुण्यांना कोण वाचायला लावणार. त्यानंतर आईने दारावरच कागद लावला : आप्पांना काही आणू नये, आणायचंच असेल तर पनीर आणावे. दोन जणांनी खरंच आणलं.

आता अर्धा स्टार का कापला.

एक, पोहोचवणारा पोरगा. बेडपर्यंत यायचं ठरलेलं असताना दोनदा डबा खाली गार्डपाशी ठेवून पळाला, एकदा पाऊण तास उन्हात. चक्का आंबला होता, फेकून दिला. दुसरं, एकदा दुसऱ्याच कुणाचा डबा आला, खिचडीत अख्खी मोहरी, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, नशीब आईने आधी उघडून बघितलं. मावशी अर्ध्या तासात स्वतः आल्या, घामाघूम, आप्पांच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या "चुकलं आप्पा", आणि तेव्हापासून झाकणावर नाव पण यायला लागलं, नुसता नंबर नाही. चूक मान्य करणारी माणसं किती राहिलीत, पण चूक ती चूकच, दुसऱ्या एखाद्या पेशंटला महागात पडली असती. तिसरं, रविवारी संध्याकाळी बंद. पोट रविवारी बंद नसतं, पण त्या एकट्या आहेत, समजू शकतो. चौथं, बिल देत नाहीत. वहीच्या पानावर आकडा लिहून देतात. मेडिक्लेममध्ये तसाही डबा बसत नाही, पण मी हिशोबाचा माणूस, मला त्रास होतो.

रेट : सहा डब्या दिवसाला ३८०, पावडर आपली. सोबतच्या माणसाचा साधा डबा ८०, त्यात कडक भाकरी मागितली तर मिळते आणि शेंगा चटणी असतेच. दोनशे रुपये डबीचं डिपॉझिट. हॉस्पिटलच्या कॅन्टीनपेक्षा महाग आहे, मान्य. आधी मला पण खटकलं, पण मग सहा दिवस सलाईनच्या बाटल्यांना किती दिले ते आठवलं आणि गप्प बसलो.

एक सांगायचं राहिलं. त्या शेंगा चटणीवरून आप्पांनी दोन महिने मावशींशी भांडण केलं. माझा आणि आईचा डबा यायचा त्यात चटणी, आप्पांच्या डबीत नाही. रोज फोनवर, "मावशी, मी काय पाप केलं?" मावशी रोज, "मॅडमना विचारा." शेवटी मॅडमनी नवव्या आठवड्यात थोडीशी चालेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहा डब्यांच्या सोबत सातवी, कुंकवाच्या करंड्याएवढी, तिच्यात एक चमचा चटणी, तिखट नावाला, परत कुटून मऊ केलेली आणि दह्यात कालवलेली. आप्पांनी ती भाताच्या प्रत्येक घासाला बोटाच्या टोकाने लावून लावून खाल्ली, अर्धा तास पुरवली.

आता जुलै आहे. पोटातली नळी मे मध्येच निघाली, डबा गेल्या महिन्यात बंद केला, आई घरीच सगळं करते, त्याच मापाने. बी-ट्वेल्व्ह आणि लोह मॅडम तपासत राहणार आहेत, जठर कापल्यावर ते कमी पडू शकतं. यंदाची वारी चुकली त्याचं आप्पांना वाईट वाटतंय, टीव्हीवर बघितली. परवा वजन ५६.४, मुठीचा काटा २४.

मावशींची ती करंड्याएवढी सातवी डबी आमच्याकडंच राहिलीय, डिपॉझिट त्यांच्याकडं अडकलंय. मी म्हटलं उद्या ऑफिसला जाताना टाकतो, तर आप्पा म्हणाले तू नको, मीच जातो रिक्षाने. धुवून देऊ का न धुता, यावर सकाळपासून आई आणि त्यांचं चाललंय.